माणच्या शिवारात इमारत बसवताना



हिंजवडीच्या आयटी पार्कचा तिसरा टप्पा ज्या जमिनीवर उभा आहे ती मुळशी तालुक्यातल्या माणची. पुणे मेट्रोची तिसरी मार्गिकाही इथूनच निघते: 23.3 किलोमीटर, 23 स्थानकं, सगळा मार्ग खांबांवर, एका टोकाला शिवाजीनगर आणि दुसऱ्या टोकाला माणचा डेपो. अशा गावात आज कुठलंही मोठं बांधकाम जमिनीच्या आधी पडद्यावर उभं राहतं. आर्किटेक्टच्या कार्यालयात त्याचं थ्रीडी मॉडेल तयार होतं, ते उपग्रहचित्रावर किंवा ड्रोनने टिपलेल्या चित्रावर बसवलं जातं, आणि तेच चित्र पुढे विक्री कार्यालयात, सरकारी सादरीकरणात आणि गावकऱ्यांच्या फोनवर फिरत राहतं. ज्याच्या बांधाला ती इमारत लागणार, त्याची तिच्याशी पहिली ओळख या चित्रातूनच होते. तो हरकत घेणार की नाही, जमीन देणार की नाही, हे पुष्कळदा या चित्रावर ठरतं. म्हणून ते चित्र जमिनीशी प्रामाणिक आहे का, हा प्रश्न निव्वळ संगणकवाल्यांचा राहत नाही.

तंत्र तसं नवंच. गुगल अर्थ जून 2005 मध्ये सर्वांसाठी खुलं झालं, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी संवेदनशील ठिकाणांची स्पष्ट चित्रं अशी कुणालाही दिसण्याबद्दल जाहीर काळजी व्यक्त केली. मार्च 2006 मध्ये गुगलने स्केचअप हे सॉफ्टवेअर विकत घेतलं आणि त्याची साधी आवृत्ती फुकट दिली. जगभरच्या हौशी लोकांनी आपापल्या गावातल्या इमारती घडवून नकाशावर ठेवायला सुरुवात केली. 2012 मध्ये स्केचअप ट्रिम्बल कंपनीकडे गेलं. त्याच सुमारास हाताने घडवलेल्या इमारतींची जागा विमानातून घेतलेल्या छायाचित्रांवरून संगणकाने रचलेली शहरं घेऊ लागली. आपल्या इस्रोचं भुवन ऑगस्ट 2009 मध्ये आलं. आता सीझियमसारख्या खुल्या प्रणालीमुळे वेगळं सॉफ्टवेअरही लागत नाही. ब्राउझर उघडला की पृथ्वीचा गोल, त्यावरचे डोंगर आणि त्यावर आपली इमारत.

बसवणं सोपं झालं. बरोबर बसवणं मात्र अजूनही कष्टाचंच आहे.

माण साधारण 18.6 उत्तर अक्षांश आणि 73.7 पूर्व रेखांशावर आहे. आपण बोलताना अक्षांश आधी सांगतो. गुगल अर्थमुळे रुळलेल्या आणि 2008 पासून आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलेल्या केएमएल फाइलमध्ये मात्र रेखांश आधी लिहावा लागतो. आकड्यांची अदलाबदल झाली की माणची इमारत थेट नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर आयलंडजवळच्या गार समुद्रात जाऊन उभी राहते. ही चूक कुणाच्याही लगेच लक्षात येते, त्यामुळे तिने नुकसान होत नाही. नुकसान करते ती पाच टक्क्यांची चूक, कारण ती डोळ्यांना दिसत नाही.

त्या पाच टक्क्यांकडे जरा जवळून पाहू. ब्राउझरमधले बहुतेक नकाशे वेब मर्केटर नावाच्या प्रक्षेपणात असतात. गोल पृथ्वी सपाट करताना ते विषुववृत्तापासून दूरच्या जागा ताणून दाखवतं. माणच्या अक्षांशावर हा ताण सुमारे साडेपाच टक्के भरतो. त्या नकाशाचा एक ‘मीटर’ जमिनीवर मोजला तर सुमारे 95 सेंटिमीटर निघतो. आता एखाद्याने बरोबर मोजमापाचं मॉडेल घेतलं आणि ताणाचा हिशेब न करता त्या नकाशावर ठेवलं, तर 100 मीटर लांबीची इमारत 95 मीटर जागेत बसलेली दिसते. क्षेत्रफळात ही तूट दुप्पट होते. 33 फूट लांब आणि 33 फूट रुंद म्हणजे एक गुंठा, आणि 40 गुंठ्यांचा एकर, हे माणमधल्या शाळकरी मुलालाही ठाऊक असतं. एका एकराचा लेआउट या नकाशावर 36 गुंठ्यांत मावलेला दिसतो. कडेने चार गुंठे मोकळी जागा दिसते. त्या जागेवर रस्ता रुंद वाटतो, शेजारच्या घराचं अंतर पुरेसं वाटतं, झाडांना जागा उरल्यासारखी वाटते. प्रत्यक्षात ती जागा नाहीच. यात फसवायचा हेतू असतोच असं नाही. सॉफ्टवेअरमधली एक खूण करायची राहिली, एवढंच झालेलं असतं. परिणाम मात्र तोच होतो.

पुण्यासाठी योग्य प्रक्षेपण म्हणजे यूटीएम या पट्ट्यापट्ट्यांच्या प्रक्षेपण-पद्धतीचा 43 वा उत्तर पट्टा. त्यात लांबी-रुंदी जवळजवळ खरी राहते. पण तिथेही उत्तर दिशेची काळजी घ्यावी लागते, कारण या पट्ट्याचा मध्य 75 अंश रेखांशावर आहे आणि माण त्याच्या पश्चिमेला पडतं. नकाशाच्या जाळीची उत्तर आणि खरी उत्तर यांत इथे सुमारे 0.4 अंशाचा फरक येतो. एका बंगल्याला त्याने काही होत नाही. 300 मीटर लांबीच्या लेआउटचं दूरचं टोक मात्र दोन मीटरहून अधिक सरकतं, आणि दोन मीटर म्हणजे शेजाऱ्याचा बांध.

दिशा पुरतीच चुकली, आणि सादरीकरण सुंदर दिसावं म्हणून मॉडेल थोडं फिरवणारेही आहेत, तर सावलीचा हिशेब कोलमडतो. माणमध्ये 21 डिसेंबरला सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळात साडेबारा उलटल्यावर, आणि तेव्हाही तो क्षितिजापासून फक्त 48 अंश वर असतो. 100 मीटर उंचीच्या टॉवरची सावली त्या वेळी उत्तरेला 90 मीटर लांब पडते. जूनमध्ये दुपारचा सूर्य आपल्या किंचित उत्तरेला असतो, सावली आखूड होऊन दक्षिणेकडे वळते. आकर्षक चित्रात मे-जूनची भर दुपार दाखवली की सावली जवळजवळ नाहीशीच होते. गावठाणातल्या ज्या घराच्या गच्चीवर सोलर हीटर आहे, पापड-कुरडया वाळतात, त्या घराला डिसेंबरची सावली पाहायला मिळाली पाहिजे.

उंचीची गोष्ट आणखी विलक्षण. जीपीएस जी उंची सांगतो ती पृथ्वीच्या एका गणिती, गुळगुळीत आकारापासून मोजलेली असते. सर्व्हे ऑफ इंडियाच्या बेंचमार्कवरची उंची असते समुद्रसपाटीपासूनची. पुण्याच्या परिसरात या दोन उंचींमध्ये साठ मीटरहून अधिक अंतर आहे. भारताच्या दक्षिणेला हिंदी महासागरात ते शंभर मीटरच्याही वर जातं, इतकं ते जगात दुसरीकडे कुठेही खोल नाही. काही प्रणाली पहिली उंची मागतात, काही दुसरी. गल्लत झाली की वीस मजली इमारत एक तर जमिनीत पूर्ण गाडली जाते किंवा हवेत तरंगते.

मग करणारा माणूस सोपा मार्ग काढतो. मॉडेल ‘जमिनीला चिकटव’ असा आदेश देतो आणि काम संपवतो. माणची जमीन सपाट नाही. टेकड्यांकडून मुळा नदीकडे तिला उतार आहे. एका बिंदूवर चिकटवलेलं मोठं मॉडेल एका टोकाला मातीत शिरतं आणि दुसऱ्या टोकाला अधांतरी राहतं. पडद्यावर त्या फटीखाली हिरवळ सरकवली की भागतं. शिवारात मात्र ती फट भरायची तर डंपरने मुरूम टाकावा लागतो, आणि वरच्या टोकाला टेकडी फोडावी लागते. मॉडेलखालची ती फट म्हणजे खरं तर किती भराव येणार आणि किती कटिंग होणार याचा चोख हिशेब आहे, आणि तो हिशेब झाकून टाकण्यापेक्षा दाखवणं हे आर्किटेक्टचं काम आहे.

या भरावाखाली पहिल्यांदा काय जातं? ओढा. पडद्यावरचे डोंगर-उतार ज्या माहितीवरून रचतात तिचा मोठा भाग फेब्रुवारी 2000 मधल्या एका अंतराळ-शटल मोहिमेतून आलेला आहे. तिने जमिनीची उंची साधारण 30-30 मीटरच्या चौकटीत टिपली. पाच-सात मीटर रुंदीचा ओढा अशा चौकटीत हरवून जातो. पावसाळ्यात दुथडी भरून वाहणारा नाला पडद्यावर गुळगुळीत माळ दिसतो, आणि त्या माळावर पार्किंग काढलेलं असतं. जून 2025 मध्ये हिंजवडीचे रस्ते पाण्याखाली गेले. नैसर्गिक प्रवाह बुजवल्याच्या, वळवल्याच्या तक्रारी पुढे आल्या आणि प्रशासनाला नोटिसा काढाव्या लागल्या. पाणी कुठून येतं हे माण, बोडकेवाडी, म्हाळुंगेच्या जुन्या माणसांना माहीत होतं. कागदावरही होतं: सर्व्हे ऑफ इंडियाच्या 47 एफ/10 या पत्रकात हा मुलूख येतो, आणि अशा पत्रकांत ओढे रेघेने दाखवलेले असतात. पडद्यावरच्या पार्श्वभूमीत तेवढे ते उतरत नाहीत. मॉडेलच्या खाली ओढ्यांचा वेगळा थर टाकला, शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा आणि पंचवीस वर्षांच्या पुराची निळी रेषा टाकली, तर एक नजर टाकताच प्रश्न विचारता येतो. असा थर टाकायला खर्च फारसा येत नाही. लागते ती तो टाकायची इच्छा.

पार्श्वभूमीच्या चित्राला वय असतं, हेही अनेकदा विसरलं जातं. गुगल अर्थ प्रोमध्ये जुन्या चित्रांची पट्टी मागे सरकवता येते. हिंजवडी-माणवर ती सरकवत मागे जावं. इमारती एकेक करून नाहीशा होतात, रस्ते अरुंद होतात, बांधांची जाळी उमटते आणि ओढ्याकाठच्या झाडीची गडद रेघ दिसायला लागते. ही पट्टी गावाच्या ग्रामसभेत एकदा सर्वांसमोर सरकवून पाहावी, इतकी ती बोलकी आहे. पण नव्या प्रकल्पाच्या सादरीकरणात चार वर्षांपूर्वीचं चित्र वापरलं की शेजारी उभे राहिलेले टॉवर गायब होतात आणि नवी इमारत मोकळ्या माळावर एकटी दिमाखात उभी दिसते. विकत घेणाऱ्याला वाटतं, खिडकीतून टेकडी दिसेल. चित्राच्या कोपऱ्यात तारीख छापली तर हा गैरसमज होणार नाही.

शिवाय उंच इमारती उपग्रहचित्रात कललेल्या दिसतात, कारण उपग्रह बरोबर डोक्यावर क्वचितच असतो. तो 20 अंश कललेला असेल तर 100 मीटरच्या टॉवरचं छप्पर पायापासून 36 मीटर बाजूला सरकलेलं दिसतं. अशा छपराच्या कडेला नवं मॉडेल जुळवलं की ते शेजाऱ्याच्या भूखंडात उतरतं. मॉडेल नेहमी पायाशी जुळवायचं, आणि तेही जमिनीवर मोजून घेतलेल्या दोन-तीन खुणांशी. चांगले मोजणीदार एवढं पथ्य कटाक्षाने पाळतात.

मोजणीची गोष्ट निघाली की पुणे जिल्ह्याला स्वतःचा इतिहास आठवावा लागतो. इंग्रजी अमलात इथली पहिली मोठी जमीन-पाहणी प्रिंगल या अधिकाऱ्याने केली. तिच्या आकारणीचा भार शेतकऱ्यांना असह्य झाला, आणि तिच्यात चुकाही इतक्या निघाल्या की ती सोडून द्यावी लागली. 1835 पासून इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने काम हाती घेतलं. शंकू आणि 33 फुटांची साखळी घेऊन शेतन् शेत मोजलं गेलं, हद्दीला दगड बसले, प्रत्येक शेताला नंबर मिळाला. आजचा गुंठा त्या साखळीतून आला. पुढे 1947 च्या एकत्रीकरण कायद्यानंतर सर्व्हे नंबरांवर गट नंबर आले. सातबाऱ्यावरचा गट आणि नकाशावरची त्याची आकृती हा आपल्याकडचा पहिला पार्श्वनकाशा, आणि माणसाच्या दृष्टीने अजूनही सर्वांत महत्त्वाचा. कारण उपग्रहचित्रात दिसते ती जमीन, गटाच्या नकाशात दिसतो तो हक्क.

हे दोन एकमेकांवर ठेवले की सहजासहजी जुळत नाहीत. जुने गावनकाशे कागदावर, कापडावर काढलेले. ते आकसले, घड्यांवर फाटले, मग स्कॅन झाले. सर्व्हे ऑफ इंडियाची जुनी पत्रकं एव्हरेस्टने केलेल्या पृथ्वीच्या 1830 च्या मोजमापावर आधारलेली, तर जीपीएस डब्ल्यूजीएस 84 वर. रूपांतर न करता एकावर एक ठेवली की सगळा गावच सरकतो. महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर गटाची हद्द पाहून कुणी घाबराघुबरा होतो की शेजाऱ्याने आपली जमीन खाल्ली. पुष्कळदा रेघ सरकलेली असते, बांध जागेवरच असतो. अशा सरकलेल्या रेघेवर कुणी इमारतीचं मॉडेल बसवलं, तर दोन भावांत कोर्टकचेरी लागायला तेवढं पुरतं.

आशेची बाजूही याच जिल्ह्यातून आली आहे. गावठाणावर शेतसारा नव्हता, म्हणून इंग्रजांच्या पाहणीत गावठाणातली घरं मोजलीच गेली नव्हती. पुरंदर तालुक्यात मल्हारगडाच्या पायथ्याशी असलेल्या सोनोरी गावात ड्रोनने गावठाण मोजण्याचा पहिला प्रयोग झाला. त्या अनुभवातून 24 एप्रिल 2020 रोजी केंद्राची स्वामित्व योजना जाहीर झाली, आणि पथदर्शी राज्यांत महाराष्ट्र होता. 11 ऑक्टोबर 2020 पासून मिळकत पत्रिकांचं वाटप सुरू झालं. ड्रोनचं चित्र जमिनीवरच्या कायमस्वरूपी संदर्भ-केंद्रांशी जोडलेलं असतं, त्यामुळे त्यात घराची भिंत सेंटिमीटरांच्या फरकाने सापडते. सोनोरीच्या घरमालकाला स्वतःचं घर जितक्या नेमकेपणाने नकाशावर पाहायला मिळालं, तितक्याच नेमकेपणाने माणच्या माणसाला समोर येणारा टॉवर पाहायला मिळाला पाहिजे. केंद्राच्या 15 फेब्रुवारी 2021 च्या मार्गदर्शक सूचनांनी भारतीय कंपन्यांना नकाशे आणि मोजणीसाठी पूर्वपरवानगीची अट काढून टाकली आहे. अडचण आता कायद्याची उरलेली नाही.

दुसऱ्या देशांनी यावर काय केलं, ते पाहण्यासारखं आहे. स्वित्झर्लंडमध्ये बांधकामाला परवानगी मिळण्याआधी जागेवर उंच काठ्या उभ्या करून भावी इमारतीचा आकार आणि उंची दाखवावी लागते. रस्त्याने जाणारा कुणीही मान वर करून पाहतो आणि हरकत नोंदवतो. आपल्याकडे घराची आखणी चुन्याने जमिनीवर करतात, ती लांबी-रुंदी सांगते. तिथल्या काठ्या उंचीही सांगतात. लंडनमध्ये सेंट पॉल कॅथेड्रलसारख्या ठिकाणांची दृश्यं जपण्यासाठी नियम आहेत, आणि त्या दृश्यांच्या आड येणाऱ्या नव्या इमारतीचं चित्र मोजणीवर आधारलेलं असावं लागतं: कॅमेरा कुठे होता, किती उंचीवर होता, कुठलं भिंग वापरलं हे सोबत द्यावं लागतं. दोन्हीकडे तत्त्व एकच आहे. बांधणाऱ्याने दाखवलेलं चित्र पाहणाऱ्याला तपासता आलं पाहिजे. दिवाळीतल्या किल्ल्यावर दरवाजापेक्षा मावळा मोठा असतो आणि कुणाचं काही बिघडत नाही. माणसाची आयुष्यभराची पुंजी आणि गावाचं पाणी ज्या चित्रावर ठरतं, तिथे ती सूट घेता येणार नाही.

माणला याची गरज आत्ताच आहे. 31 मार्च 2015 रोजी पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण म्हणजे पीएमआरडीए स्थापन झालं आणि म्हाळुंगे-माणमध्ये नगररचना योजना हाती घेण्यात आली. 1966 च्या नगररचना कायद्याखालच्या अशा योजनेत मूळ भूखंडांची मोट बांधतात, रस्ते, बागा, सेवा यांसाठी जागा काढतात आणि मालकाला नव्या आकाराचा, बऱ्याचदा नव्या जागचा अंतिम भूखंड परत देतात. वडिलोपार्जित शेत एकीकडे, हातात येणारा चौकोन दुसरीकडे. हे सगळं मालकाला समजून घ्यावं लागतं ते रेघारेघांच्या काळ्या-पांढऱ्या नकाशावरून. ज्या तंत्राने फ्लॅट विकले जातात, तेच तंत्र इथे पहिल्यांदा वापरायला हवं होतं. पडद्यावर आधी गावाचं ताजं ड्रोनचित्र यावं, त्यावर मूळ गटांच्या हद्दी, त्यावर अंतिम भूखंड, मग रस्ते, मेट्रोचे खांब, ओढे, पूररेषा, आणि शेवटी नियमांप्रमाणे प्रत्येक भूखंडावर जास्तीत जास्त किती उंच इमारत उभी राहू शकते तिचा साधा ठोकळा. गट नंबर टाकला की शेतकऱ्याने स्वतःच्या बांधावर ‘उभं राहून’ चहूबाजूंनी पाहावं. आजींना चष्मा लावून फोनवर दिसेल, इतकं ते सोपं करता येतं.

आणि अशा प्रत्येक चित्राखाली चार गोष्टी छापलेल्या असाव्यात: पार्श्वभूमीच्या चित्राची तारीख, वापरलेलं प्रक्षेपण, उंची कशापासून मोजली ते, आणि जमिनीवरच्या कुठल्या खुणांशी मॉडेल जुळवलं ते. मॉडेलची फाइलही डाउनलोड करता यावी, म्हणजे गावातलाच एखादा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी ती उघडून तपासू शकेल. माण-हिंजवडीत असे विद्यार्थी आणि असे अभियंते घरोघरी आहेत; दिवसभर परदेशातल्या ग्राहकांचे नकाशे जुळवणारे हात संध्याकाळी आपल्या गावाचा नकाशा जुळवू शकतात. नगररचना योजनेच्या मसुद्यावर हरकती आणि सूचना मागवल्या जातात. ग्रामसभेने ठराव करून या मागण्या त्या मुदतीत लेखी द्याव्यात, आणि सोबत गावातल्या ओढ्यांची नावं, ते कुठून निघून कुठे मुळेला मिळतात ते, आणि कुठल्या साली पाणी कुठवर आलं होतं ते, जुन्या माणसांना विचारून जोडावं.